तुल्यबळांचा शोध

काशी म्हटली की मराठी मनासमोर गंगा येते, घाट येतात, विश्वेश्वराचे दर्शन येते आणि ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या अरुंद गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली मराठी घरेही आठवतात. परंतु या नगरीचा शस्त्रवैद्यकाशी जो संबंध परंपरेने सांगितला आहे, त्याची आठवण यात्रेकरूला क्वचितच होते. काशीचा राजा दिवोदास हा धन्वंतरीचा अवतार, आणि त्याच्या पायाशी बसून सुश्रुताने शल्यतंत्राची विद्या घेतली, असे सुश्रुतसंहिताच सांगते. सुश्रुताच्या काळाविषयी पंडितांत एकमत नाही. तथापि मोडलेल्या हाडांचा इतका बारकाईने विचार करणारा दुसरा ग्रंथ प्राचीन भारतात सापडणे कठीण आहे.

संहितेच्या निदानस्थानात भग्नाचे दोन मोठे वर्ग केले आहेत. सांधा निखळला तर ते संधिमुक्त आणि हाड मोडले तर ते कांडभग्न. पहिल्याचे सहा प्रकार, दुसऱ्याचे बारा. घोड्याच्या कानासारखे वर आलेले हाड ते अश्वकर्ण, खेकड्यासारखे उंचावलेले ते कर्कटक, चुरा झालेले ते चूर्णित, अशी नावेच रोग्याच्या शरीराचे चित्र उभे करतात. पुढे चिकित्सास्थानात उपचार येतात. वड, उंबर, पिंपळ यांच्या साली आणि बांबूच्या कांबी बांधून हाड स्थिर कसे करावे, पाय मोडलेल्या माणसाला फळीवर कसे निजवावे, मोडलेला भाग पिकू नये म्हणून वैद्याने किती जपावे, हे सारे तेथे आहे. आणि त्यातच एक लहानशी सूचना आहे. हात बरा होऊ लागला की रोग्याने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, नंतर मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड.

येथे दोन निरनिराळी मापे आहेत. मोडले काय आणि किती, हे पहिले माप. परत आलेले बळ किती, हे दुसरे. पहिले वैद्याच्या हाती असते. दुसऱ्याची परीक्षा खुद्द रोग्याच्या मुठीत होते. विसाव्या शतकात अपंगांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा स्पर्धेत कोणाला घ्यावे आणि कोणाची कोणाशी गाठ घालावी, हा प्रश्न उभा राहिला. त्याच्या उत्तरासाठी प्रथम पहिलेच माप हाती घेतले गेले. ते अपुरे आहे हे कळायला आणि दुसऱ्याकडे वळायला चाळीस वर्षे लागली.

तसे पाहिले तर प्रश्न नवा नव्हे. नागपंचमीला बनारसच्या आखाड्यांत जोडी आणि गदा फिरविण्याच्या स्पर्धा होतात. आपल्याकडे जत्रेच्या फडात कुस्त्या लागतात, तेव्हा जाणती माणसे पोरांना शेजारी शेजारी उभे करून, खांदे-मांड्या चाचपून जोड लावतात. जोड चुकली तर प्रेक्षक ओरडतात, कारण बेजोड कुस्तीत जिंकणाऱ्याचीही शोभा होत नाही. अपंगांच्या क्रीडेत ज्याला वर्गीकरण म्हणतात, ते मुळात हेच जोड लावणे आहे. फरक इतकाच, की येथे चाचपायचे शरीर प्रत्येकाचे निराळे असते. एकाचा पाय नाही, दुसऱ्याचा आहे पण त्यात शक्ती नाही, तिसऱ्याचे स्नायू आखडलेले आहेत. या तिघांची जोड कशी लावावी?

या स्पर्धांचा उगम इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात झाला. नाझी राजवटीतून १९३९ साली निसटून इंग्लंडात आलेले ज्यू मज्जाशल्यवैद्य लुडविग गुटमन यांच्याकडे १९४४ च्या फेब्रुवारीत तेथील मणक्याच्या दुखापतींचा विभाग सोपविण्यात आला. पाठीचा कणा मोडलेला सैनिक अंथरुणातील जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी लवकरच दगावणार, असे तोपर्यंत गृहीत धरले जाई. गुटमन यांनी ते गृहीत धरले नाही. रोग्याला कूस पालटवायची, बसवायचे, चाकांच्या खुर्चीत घालायचे आणि मग त्याच्या हातात चेंडू किंवा धनुष्य द्यायचे, असा त्यांचा क्रम होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया अशा सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. १९५२ मध्ये डच खेळाडू येऊन मिळाले. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले.

या सर्व काळात पात्रतेचा निकष वैद्यकीय होता, आणि तसा तो असणे स्वाभाविकही होते. स्पर्धा रुग्णालयात जन्मली, तिचे पंच डॉक्टर, तिचे खेळाडू कालपरवाचे रुग्ण. कण्याचा कितवा मणका दुखावला आहे, यावरून खेळाडूचा वर्ग ठरे. वर्ग ठरला की तो सर्व खेळांना सारखाच लागू. मान दुखावलेल्याला एक वर्ग, छातीच्या पातळीवर दुखावलेल्याला दुसरा, कंबरेच्या पातळीला तिसरा.

अशाच एका वर्गातून भारताचे पहिले सुवर्णपदक आले, आणि ते आणणारा जवान सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचा होता. मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील ई.एम.ई. दलातले कारागीर आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, आणि त्यांपैकी एक पाठीच्या कण्यात कायमची राहिली. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. उपचाराचा छंद झाला आणि छंदाची साधना झाली. १९६८ साली तेल अवीवच्या स्पर्धेत ते टेबलटेनिस खेळले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैलीच्या पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. शिवाय भालाफेकीत, नेमबाज भालाफेकीत आणि खुर्चीच्या अडथळा-शर्यतीतही ते अंतिम फेरीत पोहोचले होते. पोहणारा माणूस भालाही फेकतो आणि खुर्चीही पळवितो, ही त्या काळातील स्पर्धांची गंमत आज नवलाची वाटेल.

हायडेलबर्गच का, याचे कारणही ऐकण्याजोगे आहे. त्या वर्षीचे ऑलिंपिक म्युनिकला होते. पण तेथील क्रीडाग्राम स्पर्धेनंतर लगेच निवासी घरांत रूपांतरित व्हावयाचे असल्याने अपंग खेळाडूंसाठी ते मोकळे नव्हते. त्यामुळे ही स्पर्धा हायडेलबर्गच्या विद्यापीठात गेली.

पेटकरांना तेथवर जाण्यासाठी कोणती पात्रताफेरी पार करावी लागली? आजच्या अर्थाने कोणतीच नाही. जागतिक क्रमवारी नव्हती आणि गाठावयाची किमान वेळ ठरलेली नव्हती. देशाला माणूस पाठविणे शक्य असले, डॉक्टरांनी त्याचा वर्ग लिहून दिला, की तो पात्र. अडचण नियमांची नव्हती, पैशाची होती, आणि तेथे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्यांचा हात मदतीला आला. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, आणि अर्जुन पुरस्काराची जीवनगौरव प्रतिष्ठा लाभली ती जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. दार उघडण्यापेक्षा दखल घेण्यास अधिक काळ लागला, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

हायडेलबर्गपर्यंत ही स्पर्धा मुख्यतः मणका दुखावलेल्यांचीच होती. १९७६ साली टोरांटोला अवयव गमावलेले आणि अंध खेळाडू आले, १९८० साली आर्न्हेमला मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेले आले. १९८४ च्या स्पर्धेत भीमराव केसरकर या मराठी खेळाडूने भालाफेकीत रौप्यपदक मिळविले ते या विस्तारलेल्या कुटुंबात. आणि विस्ताराबरोबर जुन्या पद्धतीची शिवण उसवू लागली. प्रत्येक व्याधीचे वर्ग निराळे, त्यामुळे एकाच अंतराच्या शर्यती डझनावारी. एकेका शर्यतीत तीन-चार स्पर्धक, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला पदक. याहून गंभीर दोष असा की, ज्यांचा एकच मणका दुखावला आहे त्या दोघांची शक्ती सारखी असतेच असे नाही. आणि पाय नसणे ही गोष्ट पोहताना जितकी नडते तितकी बसून नेम धरताना नडत नाही. सर्व खेळांना एकच वर्ग लावणे म्हणजे एकाच मापाचे जोडे सर्वांना घालणे.

पहिला मोठा बदल चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉलने घडविला. तेथे खेळाडूचा मणका न पाहता तो खुर्चीत किती वळतो, किती झुकतो, चेंडू कसा उचलतो हे पाहून त्याला १ पासून ४.५ पर्यंत गुण देण्यात येऊ लागले, आणि मैदानावरील पाच जणांच्या गुणांची बेरीज १४ पेक्षा अधिक होऊ नये असा दंडक झाला. त्यामुळे अधिक अपंग खेळाडू संघाला ओझे वाटेनासा झाला. कमी गुणांचा खेळाडू घेतल्याखेरीज जास्त गुणांचा घेता येईना! बेरजेच्या या साध्या युक्तीने जे साधले ते अनेक उपदेशांनी साधले नसते. १९८९ साली ड्युसेलडॉर्फ येथे आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती स्थापन झाली, आणि १९९२ च्या बार्सिलोना स्पर्धेपासून खेळागणिक कार्यक्षमता पाहून वर्ग ठरविण्याची रीत रुळली. डॉक्टरांच्या पहिल्या मापाशेजारी दुसरे माप येऊन बसले.

माप आले की मापात पाप करणारेही येतात. २००० साली सिडनीत स्पेनच्या बौद्धिक अक्षमतेच्या गटातील बास्केटबॉल संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि मागाहून उघड झाले की बारांपैकी दहा खेळाडूंना अशी कोणतीही अक्षमता नव्हती. परिणाम असा झाला की, या गटातील खरे खेळाडू २०१२ च्या लंडनपर्यंत स्पर्धेबाहेर राहिले. दंड लबाडांना झाला त्याहून कितीतरी जास्त निरपराधांना झाला. २००७ मध्ये वर्गीकरणाची सर्व खेळांना बंधनकारक अशी संहिता मान्य झाली, त्यामागे या अनुभवाचाही वाटा आहे.

आता पुन्हा वाराणसीत यावे, आणि आजचा एखादा तरुण तेथून निघाला तर त्याला किती दारे ओलांडावी लागतात ते पाहावे. पहिले दार जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाचे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि चाळीस टक्के ही सवलतींसाठी किमान मर्यादा ठेवली. याच सुमारास अपंगांसाठी ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारात आला. वाराणसीचे लोकसभेतील प्रतिनिधी असलेले पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०१५ च्या डिसेंबरात आकाशवाणीवरून तो सुचविला होता. अपंगांच्या काही संघटनांना तो रुचला नाही. नावातील गौरवापेक्षा इमारतीला उतरण असणे त्यांना अधिक हवे होते, आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे.

असो. हातात टक्केवारीचा दाखला आला म्हणजे तरुण पॅरालिंपिकला पात्र झाला, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कायद्याच्या एकवीस प्रकारांत थॅलेसेमिया आणि हिमोफिलियासारखे रक्ताचे विकार आहेत. क्रीडासमितीच्या दहा प्रकारांत ते नाहीत. कर्णबधिरांच्या स्पर्धा तर १९२४ पासून स्वतंत्रच आहेत. उलट, दाखल्यावरील साठ टक्के आणि सत्तर टक्के या फरकाला मैदानावर काहीच अर्थ नसतो. दाखला नुकसान मोजतो. मैदान विचारते, या खेळात त्या नुकसानीचा अडथळा किती?

म्हणून दुसरे दार वर्गीकरणाचे. मूळ व्याधी कोणती, ती समितीच्या यादीत बसते काय, आणि त्या खेळाने ठरविलेल्या किमान मर्यादेइतकी ती तीव्र आहे काय, असे तीन प्रश्न ओळीने विचारले जातात. परीक्षकांचे मंडळ स्नायूंच्या बळाला शून्य ते पाच असे गुण देते, सांध्याचे कोन मोजते, पोहणाऱ्याला पाण्यात उतरवून पाहते आणि शेवटी प्रत्यक्ष स्पर्धेत त्याच्यावर नजर ठेवते. वर्ग कायम झाला तर ठीक, नाही तर पुनर्तपासणीची टांगती तलवार. देशातील वर्गीकरण देशापुरतेच. आंतरराष्ट्रीय शिक्का मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेतच मिळतो, आणि ती स्पर्धा परदेशी असली तर खेळाडूला केवळ ‘मी कोण’ हे ठरवून घेण्यासाठी विमानाचे भाडे भरावे लागते. शिक्का मिळूनही खात्री नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत भारताच्या एका थाळीफेकपटूने कांस्यपदक मिळविले, आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाला त्याचा वर्ग निश्चित करता आला नाही म्हणून ते पदक रद्द झाले.

तिसरे दार आकड्यांचे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा सुयश जाधव अकराव्या वर्षी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावून बसला. २०१६ च्या रिओ स्पर्धेसाठी ‘अ’ श्रेणीची पात्रतावेळ गाठणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. पेटकरांच्या काळी जी वेळ स्पर्धेत नोंदवायची असे, ती आता स्पर्धेला जाण्यापूर्वीच नोंदवावी लागते. त्यातही आणखी एक मेख आहे. मैदानी खेळांत जागतिक स्पर्धेतून मिळणारी जागा खेळाडूची नसते, देशाची असते. पॅरिससाठी २०२३ च्या जागतिक स्पर्धेतील पहिल्या चौघांनी आपापल्या देशाला जागा मिळवून दिल्या. त्या जागेवर कोणाला पाठवायचे हे देशाच्या समितीने ठरवायचे.

आणि चौथे दार असे की, त्यावर खेळाडूने कितीही थापा मारल्या तरी ते आतूनच उघडावे लागते. मुंबईच्या मानसी जोशी या अभियंता तरुणीला डिसेंबर २०११ मध्ये दुचाकीवरून जाताना ट्रकची धडक बसली आणि डावा पाय गुडघ्याच्या वर गेला. कृत्रिम पाय लावून ती पुन्हा बॅडमिंटनकडे वळली. २०१५ साली तिने जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीचे रौप्यपदक जिंकले, आणि ती स्पर्धा झाली होती स्टोक मँडेव्हिललाच. ऑगस्ट २०१९ मध्ये बाझेल येथे आपल्याच देशाच्या पारुल परमारचा पराभव करून ती आपल्या वर्गात एकेरीची जगज्जेती झाली. दोनच वर्षांनी टोकियोत बॅडमिंटन प्रथमच पॅरालिंपिकमध्ये आले. चौदा प्रकार घेतले गेले. त्यांत स्त्रियांच्या त्या वर्गाची एकेरी नव्हती.

जगज्जेती आहे, वर्ग कायम आहे, व्याधी यादीत आहे, आणि तरीही खेळायला सामना नाही. कार्यक्रम ठरविताना पुरेशा देशांत पुरेशा खेळाडू आहेत का, हे पाहिले जाते. नियमाच्या दृष्टीने यात अन्याय झाला असे म्हणता येत नाही. व्यवस्थेने जागा मोजून वाटायच्या म्हटल्यावर कोणीतरी रेषेबाहेर राहणारच. परंतु वर्गीकरणाची सगळी यातायात ज्या तुल्यबळासाठी केली, त्याच वर्गाला स्पर्धा नाकारली तर जोड लावून फडच न भरविण्यासारखे ते आहे. पॅरिसच्या २०२४ च्या स्पर्धेत तो प्रकार घेतला गेला. मानसी जोशी तेथे खेळली, आणि गटसाखळीतच तिचे आव्हान संपले. जगज्जेतेपदाला तोवर पाच वर्षे उलटली होती. खेळाडूच्या आयुष्यात पाच वर्षे किती मोठी, हे सांगायला नको.

त्याच पॅरिसमध्ये ४ सप्टेंबर २०२४ रोजी गोळाफेकीच्या एफ-४६ या वर्गाची अंतिम फेरी झाली. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी तीत होता. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्याचा डावा हात मोडला होता. ती मोड चिघळून कोथ झाला, म्हणजे सुश्रुताने वैद्याला ज्याची धास्ती घालून दिली होती तेच घडले. हात राहिला, पण त्यातील बळ आणि हालचाल परत आली नाही. त्याच वर्गात कॅनडाचा ग्रेग स्टुअर्ट होता. त्याला जन्मतःच डावा हात कोपराखाली नव्हता. एकाला हात आहे, दुसऱ्याला नाही. जुन्या वैद्यकीय मोजणीत हे दोघे निरनिराळ्या रकान्यांत पडले असते. गोळा उजव्या हाताने फेकायचा, डाव्याने तोल सावरायचा, आणि त्या सावरण्यात दोघांची अडचण सारखी, म्हणून वर्ग एक.

स्टुअर्टची उंची २.१८ मीटर आहे. उंचपणाला वर्गीकरणात कोठेही वजावट नाही. शरीराची जी देणगी व्याधीशी संबंधित नाही, ती ज्याची त्याला. खिलारीने १६.३२ मीटर गोळा फेकून आशियाई विक्रम केला. स्टुअर्टचा गोळा १६.३८ मीटरवर पडला. सोने आणि रुपे यांच्यामध्ये सहा सेंटिमीटर राहिले.